पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट

‘कुत्र्याच्या वाटेला जाऊ नकोस, चावला तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील!’ आज चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी लहानपणी ही धमकी ऐकलेली असेल. आईने, आजीने किंवा शाळेतल्या बाईंनी दिलेली. अनेक धमक्या पोकळ असतात, ही नव्हती. कुत्रा चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात रोज रांगेत उभे राहावे लागे आणि बेंबीभोवतीच्या कातडीखाली, आज इकडे तर उद्या तिकडे, अशी सात ते चौदा दिवस सुई घ्यावी लागे. पोटावर गाठी यायच्या, खाज सुटायची, ताप यायचा. मुले दवाखान्याचा रस्ता दिसला तरी रडायला लागत.

त्या इंजेक्शनांबद्दल आणखी एक गोष्ट डॉक्टरांना माहीत होती, पण घरच्यांना ती क्वचितच सांगितली जाई. फार थोड्या लोकांमध्ये, रेबीजपासून वाचवणारी हीच लस मेंदूला किंवा मज्जारज्जूला दाह निर्माण करत असे.

कोविडनंतर लसींच्या दुष्परिणामांवर प्रत्येकाचे ठाम मत झाले आहे. कोणाला प्रत्येक हृदयविकारामागे लस दिसते, तर कोणाला दुष्परिणामाचा उच्चारही लसविरोधी प्रचार वाटतो. दोघांनाही चौदा इंजेक्शनांचा इतिहास ठाऊक असायला हवा. लसीनंतरचा दाह खरा असतो का, तो कशामुळे होतो, हे कसे शोधतात आणि शोधल्यावर काय बदलते, हे सगळे त्या एका लसीत पाहायला मिळते. शिवाय तिचा मोठा भाग आपल्याच देशात घडला आहे.

रेबीजचा विषाणू मज्जासंस्थेत वाढतो. १८८५मध्ये लुई पाश्चर यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस टोचली, तेव्हा ती सशाच्या वाळवलेल्या मज्जारज्जूपासून केलेली होती. प्रयोगशाळेत बाटलीत पेशी वाढवून त्यात विषाणू वाढवायचे तंत्र तेव्हा नव्हतेच. विषाणू हवा तर प्राण्याचा मेंदू हवा. पुढे १९११मध्ये हिमाचलातल्या कसौली येथे डेव्हिड सेम्पल या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने ही लस सोपी केली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, मेंदू वाटून त्याचे द्रावण करायचे आणि त्यातला विषाणू फिनॉलने मारायचा. कृती स्वस्त, फारशी यंत्रसामग्री नको. ‘सेम्पल लस’ भारतात आणि आशिया-आफ्रिकेच्या मोठ्या भागात पसरली आणि आपल्याकडे नव्वदहून अधिक वर्षे टिकली. तिने किती जीव वाचवले याची मोजदाद अशक्य आहे, पण रेबीज एकदा दिसू लागला की मृत्यू जवळजवळ अटळ असतो, हे ध्यानात घेतले की तिची किंमत कळते.

अडचण मेंदूतच होती. या द्रावणात मेंढीच्या मेंदूचे प्रमाण पाच टक्के असे. पाच मिलिलिटरची मात्रा धरली तर एका सुईतून पाव ग्रॅम मेंदू शरीरात जाई, चौदा दिवसांत साडेतीन ग्रॅम. (पोटच का निवडले, तेही यातून कळते. एवढे द्रावण मावेल अशी सैल कातडी दुसरीकडे कुठे?) विषाणू मेलेला होता, पण मेंदूतले बाकीचे सगळे घटक शाबूत होते आणि त्यात मायलिन होते.

विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते आहे म्हणून मेंदूचा संदेश पायाच्या अंगठ्यापर्यंत क्षणात पोचतो. मेंढीचे मायलिन आणि माणसाचे मायलिन यांत फरक फार थोडा. लस म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला दिलेला धडा: हे बघ, असा दिसणारा शत्रू आला तर मार. सेम्पल लसीत शत्रूच्या चित्राशेजारी घरच्याच माणसाचे चित्रही होते आणि ते पुन:पुन्हा, रोज दाखवले जात होते. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याकडे काणाडोळा करी. काहींची करत नसे.

मग काय होई? साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी, म्हणजे इंजेक्शने चालू असतानाच किंवा नुकतीच संपल्यावर, ताप आणि डोकेदुखी सुरू होई. पायांना मुंग्या येत, पायातली ताकद जाई, लघवी अडके. काहींना नुसता चेहऱ्याचा पक्षाघात होई, काही बेशुद्ध पडत. बरेच जण काही आठवड्यांत सावरत, काही कायमचे अपंग होत, काही दगावत. थायलंडमध्ये १९८०च्या दशकात या लसीचा पाठपुरावा झाला तेव्हा मज्जासंस्थेची ही गुंतागुंत काहीशे माणसांमागे एकाला होत असल्याचे दिसले. लसींच्या जगात हे प्रमाण प्रचंड म्हणावे लागेल.

त्या काळातल्या डॉक्टरपुढचा पेच डोळ्यांसमोर आणा. कुत्रा चावलेला माणूस दहाव्या इंजेक्शनाला आला आहे आणि म्हणतो आहे, पाय उचलत नाहीत. रेबीजचाही एक प्रकार असा असतो, ज्यात पाणी पाहून घाबरणे वगैरे नाट्य नसते, माणूस गुपचूप लुळा पडत जातो. मग हा रेबीज आहे की लसीचा परिणाम? लसीचा असेल तर पुढची सुई देणे म्हणजे आगीत तेल. पण लस थांबवली आणि चावलेला कुत्रा खरोखर पिसाळलेला असेल तर? नक्की सांगणारी तपासणी हाताशी नाही, कुत्रा पळून गेलेला. दार उघडले तर वाघ आणि बंद ठेवले तर साप, अशी अवस्था.

दोष नेमका कशाचा आहे हे ठरवायला वेळ लागला. सुरुवातीला संशय विषाणूवरच होता. तो नीट मेला नसेल, तोच मेंदूत जाऊन दाह करत असेल, असे वाटणे स्वाभाविक होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी १९३०च्या दशकात हा संशय तपासायला साधा प्रयोग केला. त्यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क टोचला. त्यात रेबीज नव्हता, कुठलाच विषाणू नव्हता. एकदा-दोनदा टोचून काही झाले नाही. ते टोचत राहिले, कित्येक महिने. अखेर काही माकडांना चालता येईना. त्यांच्या मेंदूत दाह होता आणि मज्जातंतूंवरचे मायलिन उडालेले होते. विषाणूशिवाय, निव्वळ मेंदूच्या अर्काने हे झाले होते.

या प्रयोगाने पुढे जे दिले ते रिव्हर्स यांच्याही कल्पनेपलीकडचे होते. शरीर स्वत:च्याच मेंदूवर हल्ला करू शकते याचा तो प्राण्यांमधला नमुना ठरला. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात नेमके हेच होते. त्या आजाराचे संशोधन आजही मोठ्या प्रमाणात याच नमुन्यावर चालते. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी मायलिनच्या प्रथिनासारखा कृत्रिम रेणू बनवला. त्याने प्राण्यांत हा आजार निर्माण होतो का, हे त्यांना पाहायचे होते. झाले उलटेच, त्याने आजार आटोक्यात आला. तो रेणू ग्लॅटिरॅमर नावाने १९९६पासून अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिसवरचे औषध म्हणून वापरात आहे. रेबीजच्या लसीने लुळ्या पडलेल्या माणसांपासून निघालेला रस्ता इथवर आला.

पण मूळ लसीचे काय? तिच्यातून मायलिन काढायचे कसे? १९५०च्या दशकात चिलीतल्या संशोधकांनी नवजात उंदराच्या पिल्लांचा मेंदू वापरला, कारण जन्मत: मेंदूत मायलिन जवळपास नसते. गुंतागुंत कमी झाली, संपली नाही. खरा बदल झाला तो विषाणू मेंदूऐवजी प्रयोगशाळेतल्या पेशींत वाढवता येऊ लागल्यावर. अमेरिकेतल्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये मानवी पेशींवर केलेली लस इराणमध्ये वापरली गेली. पिसाळलेल्या लांडग्यांनी आणि कुत्र्यांनी चावलेल्या ४५ जणांना ती दिली, सगळे वाचले. १९७६मध्ये हे प्रसिद्ध झाले. लांडगा डोक्या-चेहऱ्यावर चावतो, तिथून मेंदू जवळ, म्हणून त्या निकालाला विशेष वजन होते. पुढे कोंबडीच्या भ्रूणातील पेशी आणि ‘व्हेरो’ या माकडाच्या मूत्रपिंडापासूनच्या पेशी वापरून तशाच लसी स्वस्तात होऊ लागल्या. मेंदू नाही, मायलिन नाही आणि लस दंडात.

इथे आपल्याला थोडे खाली मान घालावी लागते. मेंदूपासून केलेली लस थांबवा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ १९८०च्या दशकापासून सांगत होते. भारतात तिचे उत्पादन थांबले ते २००४च्या अखेरीस. मधली वीस वर्षे दोन लसी शेजारी शेजारी चालू होत्या. ज्यांच्या खिशात पैसे होते ते औषधाच्या दुकानातून दंडातली लस घेत, ज्यांच्याकडे नव्हते ते सरकारी रांगेत पोट उघडे करून उभे राहत. कारण किंमत हेच होते, आणि नवी लस परवडत नसताना जुनीही बंद केली असती तर रेबीजचे बळी वाढले असते, हेही खरे. तरीही धोका माहीत असताना तो गरिबांच्याच वाट्याला का आला, हा प्रश्न त्या काळात फार मोठ्याने विचारला गेला नाही. उत्तर निघाले ते तंत्रातून. लस स्नायूऐवजी कातडीच्या थरात दिली तर फार थोडी पुरते. २००६मध्ये भारताने या पद्धतीला मान्यता दिली आणि सरकारी दवाखान्यांना नवी लस परवडू लागली.

आजच्या लसींत मेंदू नसतो. तरीही क्वचित दाह होतोच, त्याची वाट मात्र वेगळी असते. जानेवारी २०२५मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले तेव्हा या आजाराचे नाव घराघरांत पोचले. दोनशेहून अधिक जणांना तो झाला. तिथे लसीचा संबंध नव्हता, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा दूषित अन्नपाण्यातून येणारा जिवाणू सापडला. या जिवाणूच्या वेष्टनावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. प्रतिकारशक्ती जिवाणूवर नेम धरते आणि गोळी मज्जातंतूला लागते. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा वर चढत जातो.

असाच प्रकार लसीनंतर झाल्याचे सर्वात गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९७६मध्ये तिथल्या एका लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक दगावला, आणि १९१८सारखी साथ येणार या भीतीने सरकारने देशभर लसीकरण सुरू केले. अडीच महिन्यांत चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली. मग जीबीएसचे रुग्ण नोंदवले जाऊ लागले आणि डिसेंबरात मोहीम थांबवली गेली. साथ आलीच नाही. हिशेब केल्यावर लसीमुळे जादा धोका साधारण एक लाखात एक इतका निघाला.

हा हिशेब वाटतो तितका सरळ नसतो. जीबीएस लसीशिवायही होतो, वर्षाला लाखात एक ते दोघांना. समजा, एक कोटी लोकांना नुसते मिठाचे पाणी टोचले. पुढच्या दीड महिन्यात त्यांच्यातल्या पंधरा-वीस जणांना जीबीएस होणारच होता. ते पंधरा-वीसही त्या सुईलाच दोष देतील, आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही दिला असता. त्यामुळे ‘लस घेतली आणि मग झाले’ एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. घेतलेल्यांत न घेतलेल्यांपेक्षा जास्त झाले का, आणि ठरावीक दिवसांत झाले का, हे पाहावे लागते. १९७६च्या लसीत ते जास्त होते. नंतरच्या वर्षांतल्या फ्लूच्या लसींत जादा धोका दहा लाखांत एक-दोन इतकाच दिसतो आणि खुद्द फ्लू झाल्यावर जीबीएस होण्याची शक्यता त्याहून जास्त असते.

कोविडच्या काळात हाच शोध किती वेगाने लागू शकतो हे दिसले. मार्च २०२१मध्ये युरोपात अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस घेतलेल्या काही तरुण, निरोगी माणसांच्या मेंदूतल्या शिरांत गुठळ्या झाल्या. चक्रावणारी बाब म्हणजे त्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स कमी होत्या. प्लेटलेट्स कमी झाल्या तर रक्त वाहायला हवे, गोठायला नको. जर्मनीतले ग्राइफ्सवाल्ड आणि नॉर्वेतले ऑस्लो इथल्या डॉक्टरांनी काही आठवड्यांत कारण शोधले. या रुग्णांच्या शरीरात प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली होती आणि ती प्लेटलेट्सना भडकवून गुठळ्या घडवत होती. यातून उपचारही उमजला. गुठळीवर नेहमी दिले जाणारे हिपॅरिन टाळायचे, आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यायचे. ब्रिटनने आधी तिशीच्या, मग चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यायचे ठरवले. चौदा इंजेक्शनांच्या बाबतीत जे कळायला वीस-पंचवीस वर्षे आणि अमलात यायला आणखी सत्तर लागली, ते इथे दोन महिन्यांत झाले.

हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्हिशील्ड’ नावाने बनवली आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती घेतली. मे २०२१मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की, तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ गुठळ्यांच्या असाव्यात. नोंदीचे प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१. त्याच निवेदनात ब्रिटनचा आकडा चार आणि जर्मनीचा दहा दिला होता. आपल्याकडे हा त्रास खरोखर कमी असू शकतो, लोकसमूहांत असा फरक असतो. पण हे ‘नोंदीचे’ प्रमाण आहे हे विसरू नये. जे कागदावर आले तेवढेच त्यात आहे. एप्रिल-मे २०२१ आठवा. ऑक्सिजनसाठी वणवण चालू असताना एखाद्या तालुक्याच्या गावी तरुण बाई भयंकर डोकेदुखीने आली असेल, तर तिच्या प्लेटलेट्स कोणी मोजल्या असतील आणि तिच्या लसीची तारीख कोणी विचारली असेल?

समाजमाध्यमांवर मात्र चर्चा वेगळीच झाली. नाचताना, व्यायाम करताना कोसळलेल्या तरुणांच्या चित्रफिती फिरल्या आणि लसीचे नाव जोडले गेले. एमआरएनए लसींनंतर तरुण मुलग्यांत हृदयाच्या स्नायूला दाह होतो, हे खरे आहे. इस्रायलमध्ये ते आधी लक्षात आले, दुसऱ्या डोसनंतर काही दिवसांत होते आणि बहुतेक जण बरे होतात. पण त्या लसी आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर दिल्याच गेल्या नाहीत. आपल्याकडच्या अचानक मृत्यूंचा अभ्यास आयसीएमआरने केला. ४७ रुग्णालये, १८ ते ४५ वयोगटातले ७२९ मृत्यू आणि तुलनेसाठी २,९१६ व्यक्ती. लसीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. धोका वाढलेला दिसला तो कोविडसाठी रुग्णालयात राहिलेल्यांत, घरात असा मृत्यू आधी झालेल्यांत, आणि मृत्यूच्या आदल्या एक-दोन दिवसांत अति मद्यपान किंवा नेहमीपेक्षा फार दमवणारे श्रम केलेल्यांत.

ज्या घरात लसीनंतर खरोखर कोणी गेले, त्या घराला मात्र टक्केवारीचा काय उपयोग? लाखात एक म्हणजे त्यांच्यासाठी शंभर टक्के. सर्वांच्या भल्यासाठी दिलेल्या लसीने एखाद्याचे नुकसान झाले तर ते भरून देण्याची जबाबदारी सर्वांची, असे मानून ब्रिटनने १९७९मध्ये आणि अमेरिकेने १९८०च्या दशकात भरपाईची स्वतंत्र व्यवस्था केली. आपल्याकडे कोविड लसीनंतर मुली गमावलेल्या पालकांना हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. अशा पालकांना ‘लसविरोधी’ म्हणून झटकून टाकणे मला क्रूरपणाचे वाटते. नोंद करणारे, प्रश्न विचारणारे कोणी नसते तर मेंढीचा मेंदू आजही आपल्या पोटात गेला असता.

लस घेतल्यावर पहिले एक-दोन दिवस ताप, अंगदुखी, दंड दुखणे यांत घाबरण्यासारखे काही नसते. त्यानंतरच्या दिवसांत पाय उचलेनासे झाले, अशक्तपणा वर चढू लागला, न थांबणारी डोकेदुखी किंवा धूसर दिसणे सुरू झाले, छातीत दुखू लागले, धाप लागली, अंगावर जांभळे ठिपके उठले तर घरगुती उपाय करत बसू नये. डॉक्टरकडे जावे, लसीचे नाव आणि तारीख आपणहून सांगावी. सरकारी केंद्रात लस घेतली असो वा खासगी दवाखान्यात, ‘लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना’ म्हणून याची नोंद करायला वैद्यकीय अधिकाऱ्याला सांगता येते. कारण लस आहे की नाही हे राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या तज्ज्ञ समित्या ठरवतील, तुम्ही पुरावा घेऊन जाण्याची गरज नाही.

चौदा इंजेक्शने बंद होऊन वीस वर्षे झाली, भीती अजून गेलेली नाही. कुत्रा चावल्याचे मुले घरी लपवतात. मोठी माणसेही ‘जरासे खरचटले आहे’ म्हणत जखमेला हळद, चुना, तिखट लावून दिवस काढतात. जगात दरवर्षी रेबीजने सुमारे ५९ हजार माणसे मरतात असा अंदाज आहे आणि त्यांत मुले खूप असतात. आता सुया दंडात घेतात, फार तर चार किंवा पाच फेऱ्यांत. जखम खोल असेल, रक्त आले असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचावे लागते, तेवढे त्याच दिवशी डॉक्टरांना आठवणीने विचारावे. आणि दवाखान्याला निघण्याआधी, घरच्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ पाहून पंधरा मिनिटे जखम धुवावी.